रिकाम्या स्लॉटचं उत्तर

भाचीच्या कॉम्प्युटरला वायफाय नव्हतं, म्हणून एक छोटं कार्ड बसवायला त्याचं कॅबिनेट उघडलं होतं. ती शेजारी उकिडवी बसून टॉर्च धरत होती. कार्ड बसलं, स्क्रू आवळला, आता झाकण लावायचं एवढ्यात ती म्हणाली, "मामा, या बाकीच्या फटी कशाला ठेवल्यात?" मी म्हणालो, "पुढेमागे काही लावायचं झालं तर." "काय लावायचं?" "ते आत्ता कसं सांगणार? तुला काय लागेल त्यावर आहे." तिनं टॉर्चचा झोत त्या रिकाम्या काळ्या स्लॉटवर धरला आणि विचारलं, "म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांनाही माहीत नव्हतं इथे काय येणार ते?" मी "नव्हतं" म्हणालो. तिचं समाधान झालं आणि ती टॉर्च ठेवून निघून गेली. मला मात्र ते उत्तर दिवसभर टोचत राहिलं. इतकी वर्षं कार्डं काढली-घातली, पण रिकाम्या स्लॉटकडे असं कधी बघितलं नव्हतं. जागा अडते, तांब्याच्या रेषा ओढाव्या लागतात, जोडणीचा खर्च होतो, आणि एवढं करून तिथे काय येणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. बहुतेक घरांत तर तिथे शेवटपर्यंत काहीच येत नाही. तरीही ती जागा ठेवलेली असते, आणि पूर्ण तयारीनिशी ठेवलेली असते.

स्लॉटमध्ये कार्ड बसवणं हे काम मला मनापासून आवडतं. अँटिस्टॅटिक पिशवीचा तो करडा-रुपेरी रंग, ती उघडताना येणारा नव्या प्लास्टिकचा आणि रेझिनचा वास, मग हाताला लागणारी कार्डाची थंड कड. त्याआधी पॉवरची वायर भिंतीतून काढायची, कारण बंद केलेल्या कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावरही, म्हणजे मदरबोर्डवरही, थोडी वीज खेळत असते. कित्येक बोर्डांवर त्याची खूण म्हणून एक बारीक दिवा जळत राहतो. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवायची. आपल्याला जाणवतही नाही इतकी कमी असली तरी ती एखाद्या चिपचा जीव घ्यायला पुरते. मागची पत्र्याची झाकणपट्टी काढायची. ती स्वस्त कॅबिनेटात अर्धवट कापलेली असते, पुढे-मागे वाकवून तोडावी लागते आणि तिची धार बोटाला लागते. आणि मग कार्ड सरळ धरून खाली दाबायचं. सुरुवातीला ते विरोध करतं. आपण जास्त जोर लावतोय की काय अशी भीती वाटते, खालचा बोर्ड किंचित लवतो, आणि मग एकदम ते आत उतरतं. मोठ्या कार्डाला टोकाशी कडी लागल्याचा "कट्ट" असा आवाज येतो. त्या आवाजानंतर खांदे आपोआप सैल होतात.

कार्डाच्या खालच्या कडेला ज्या सोनेरी पट्ट्या दिसतात त्यांवर खरोखरच सोन्याचा पातळ मुलामा असतो. सोनं गंजत नाही, म्हणून वर्षानुवर्षं टेकून राहिलं तरी संपर्क शाबूत राहतो. या पट्ट्या सगळ्या सारख्या लांबीच्या नसतात. हल्लीच्या कार्डांत एक-दोन पट्ट्या मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात. त्या सगळ्यात शेवटी टेकतात, म्हणजे त्या टेकल्या की बाकीच्या आधीच टेकलेल्या आहेत हे बोर्डाला कळतं. कार्ड नुसतं आलंय की नीट बसलंय, हे सांगायला त्या दोन आखूड पट्ट्या. हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी एक जुनं कार्ड काढून भिंगाखाली धरून पाहिलं होतं. खरंच, त्या शेजारणींपेक्षा किंचित वर थांबलेल्या होत्या.

ही रिकामी जागा ठेवायची कल्पना घरच्या कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. १९७५ साली आलेल्या अल्टेअर ८८०० मध्ये मुळात एका लांब पाटीवर शंभर-शंभर पिनांचे कनेक्टर होते आणि प्रोसेसरसुद्धा एका कार्डावरच बसलेला असायचा. दोन वर्षांनी ॲपल टू आला तेव्हा त्यात आठ स्लॉट होते. हे आठ कसे झाले, ती हकीकत प्रसिद्ध आहे: स्टीव्ह जॉब्सचं म्हणणं होतं, दोन पुरेत, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला, पण ॲपल टू घडवणारा त्याचा जोडीदार स्टीव्ह वॉझनियाक आठांवर अडून बसला. जॉब्सचा हिशोब चुकीचा नव्हता. त्याला त्या वेळी डोळ्यासमोर दिसणाऱ्या गरजा दोनच होत्या आणि त्या त्यानं मोजल्या. वॉझनियाकनं न दिसणाऱ्या गरजांनाही जागा दिली. १९८० साली मायक्रोसॉफ्टनं त्या स्लॉटसाठी सॉफ्टकार्ड काढलं. त्या कार्डावर झेड-८० हा वेगळाच प्रोसेसर होता, आणि ते बसवलं की ॲपल टूवर सीपी/एम ही दुसऱ्याच जातीच्या यंत्रांसाठी लिहिलेली प्रणाली चालायची. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. प्रिंटर आणि मोडेम एवढीच यादी धरून चाललेल्या माणसाला हे सुचणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वॉझनियाकलाही १९७७ मध्ये ते सुचलं असेल असं मला वाटत नाही. त्यानं फक्त जागा ठेवली होती.

पुढे १९८४ साली पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा त्यात एकही स्लॉट नव्हता. तीन वर्षांनी आलेल्या मॅकिंटॉश टूमध्ये सहा होते. या दोन टोकांमधली ओढाताण आजही संपलेली नाही, आणि मी स्वतः त्यात नेहमी एकाच बाजूला असतो असंही नाही. त्याकडे नंतर येतो.

ऑगस्ट १९८१ मधल्या पहिल्या आयबीएम पीसीचं आतलं चित्र आज पाहिलं तर आश्चर्य वाटतं. मदरबोर्डवर जवळपास काहीच नाही. प्रोसेसर आहे, थोडी मेमरी आहे, कीबोर्डची आणि कॅसेटची जोडणी आहे. स्क्रीनवर एक अक्षर उमटवायचं म्हटलं तरी त्यासाठी एक कार्ड लागायचं. फ्लॉपी हवी, दुसरं कार्ड. आणखी मेमरी हवी, तिसरं. तारीख आणि वेळ लक्षात ठेवणारं घड्याळसुद्धा बोर्डावर नव्हतं. कॉम्प्युटर सुरू केला की दर वेळी तो आपल्यालाच आजची तारीख विचारायचा. म्हणून लोक घड्याळाचं कार्ड घ्यायचे. पाचच स्लॉट होते, ते भराभर भरायचे, आणि मग घड्याळ, मेमरी, सीरियल आणि प्रिंटर पोर्ट असं सगळं एकाच पाटीवर कोंबलेली कार्डं निघाली. एका स्लॉटवर ६२ संपर्क: त्यांत माहितीच्या ८ तारा, पत्त्याच्या २०, बाकी वीज आणि इशारे. आणि कुठल्या पिनेवर काय येतं हे सगळं आयबीएमनं सर्किटच्या आकृत्यांसकट मॅन्युअलात छापून विकायला ठेवलं होतं. हे छापणं मला त्या पाच स्लॉटइतकंच मोलाचं वाटतं. कुलूप कसं आहे हेच जर सांगितलं नसतं, तर कुणी किल्ली घडवायला बसलंच नसतं.

त्या मॅन्युअलाच्या जोरावर कुणी काय काय घडवलं त्यातली एक गोष्ट माझ्या फार जवळची आहे. अमेरिकेत शिकणारा व्हॅन सुवन्नुकुल नावाचा एक थाई विद्यार्थी होता. त्याला आपला प्रबंध आयबीएम पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. आयबीएमचं एकरंगी डिस्प्ले कार्ड फक्त ठरावीक अक्षरं दाखवायचं. त्याच्या पोटातल्या रॉममध्ये जी कोरलेली असतील तीच. त्यात थाई नव्हती. मग त्यानं स्वतःच कार्ड बनवलं. त्यावर ७२० बाय ३४८ ठिपक्यांतला प्रत्येक ठिपका वेगळा पेटवता-विझवता यायचा, म्हणजे कुठल्याही लिपीचं कुठलंही वळण काढता यायचं. तेच १९८२ सालचं हर्क्युलिस ग्राफिक्स कार्ड. पुढे ते जगभर पसरलं, तक्ते आणि आलेख काढणाऱ्यांनी ते घेतलं, त्याच्या नकला निघाल्या, आणि जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या यादीत "हर्क्युलिस" हा पर्याय दिसू लागला. मुळात तो एका माणसाचा आपल्या लिपीसाठीचा हट्ट होता.

आपल्याही लिपीनं हाच दरवाजा वापरला. सी-डॅक या आपल्या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड ज्यांनी वापरलंय त्यांना आठवत असेल. डॉस या त्या काळच्या प्रणालीवरचा इंग्रजीसाठी लिहिलेला साधा प्रोग्रॅम, त्यात एक ओळही न बदलता, देवनागरी दाखवायला लागायचा, कारण अक्षरं जुळवण्याचं, काना-मात्रा आणि जोडाक्षरं जागच्या जागी बसवण्याचं काम ते कार्ड आपल्या अंगावर घ्यायचं. स्क्रीनवर पहिल्यांदा ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या डावीकडे जाऊन बसलेला पाहताना काय वाटलं होतं हे मला नीट सांगता येणार नाही. आज फोनवर बोट फिरवून मराठी लिहिणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही, आणि वाटू नये हेच बरं. पण प्रोसेसरला देवनागरी माहीत नव्हती, बोर्डाला माहीत नव्हती, प्रोग्रॅमला माहीत नव्हती. एका स्लॉटमधल्या एका पाटीला माहीत होती, आणि तेवढं पुरलं.

मी भाचीला "नव्हतं" म्हणालो तेव्हा माझ्या मनात नकळत हेच असावं.

अर्थात तो काळ सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. त्या जुन्या स्लॉटमध्ये, ज्याला पुढे आयएसए हे नाव पडलं, सगळी कार्डं एकाच तारांना जोडलेली असायची. प्रोसेसरनं तारांवर एक पत्ता मांडला की तो प्रत्येक कार्डापाशी पोचायचा. ज्याचा असेल त्यानं उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधायचं असेल तर त्यासाठी वेगळ्या तारा होत्या, पण त्या मोजक्या. पहिल्या पीसीत स्लॉटपर्यंत अशा सहाच तारा यायच्या. १९८४ च्या पीसी एटी या आयबीएमच्याच पुढच्या कॉम्प्युटरनं जुन्या स्लॉटच्या पुढे ३६ संपर्कांचा आणखी एक तुकडा जोडून ८ बिटांचे १६ केले आणि या ताराही वाढवल्या, तरी त्या पुरत नव्हत्याच. दोन कार्डांनी एकच क्रमांक धरला की एक मुकं व्हायचं, किंवा सगळा कॉम्प्युटरच थिजायचा. हे क्रमांक आपण ठरवायचे. कार्डावर दोन-दोन पिनांच्या रांगा असायच्या आणि त्यांवर बसवायची जंपरची इवलीशी काळी टोपी. ती चिमट्यानं उचलावी लागायची, निसटली की फरशीवर कुठे घरंगळायची कोण जाणे. साऊंड ब्लास्टर कार्डाची "ए२२० आय५ डी१" ही ओळ माझ्या पिढीतल्या कित्येकांना अजून तोंडपाठ असेल: पत्ता २२०, इंटरप्ट (लक्ष वेधायची तार) ५, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी बोलायची वाट) १. इंटरप्ट ५ ऐवजी ७ ठेवला तर तिथे प्रिंटरचा पोर्ट आधीच बसलेला. ३ आणि ४ वर सीरियल पोर्ट. मोडेम कार्ड आलं की पुन्हा सगळ्यांची जागा हलवायची. मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून ठेवला होता, त्यावर पेन्सिलीनं क्रमांक आणि समोर कार्डाचं नाव. खोडून खोडून तो कागद मऊ झाला होता. जागेसाठी चाललेली ही भांडणं सोडवण्यात संध्याकाळ जायची. पण त्या कागदामुळेच कॉम्प्युटरच्या आत कोण कुणाशी कुठल्या तारेनं बोलतंय हे मला पहिल्यांदा कळलं, आणि ती जाण आजही कामाला येते. म्हणून त्या संध्याकाळी वाया गेल्या असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आयबीएमनं १९८७ साली मायक्रो चॅनेल नावाचा नवा स्लॉट आणला. तो तांत्रिकदृष्ट्या चांगला होता, त्यात जंपरची कटकट नव्हती. पण जुनी कार्डं त्यात बसत नव्हती आणि तो वापरण्यासाठी इतर कंपन्यांनी आयबीएमला पैसे मोजायचे होते. लगेच पुढच्या वर्षी कॉम्पॅक, एचपी, एप्सन अशा नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन ईआयएसए हा आपला स्लॉट काढला. त्याची रचना पाहण्यासारखी होती. स्लॉटच्या आत संपर्कांचे दोन मजले: जुनं कार्ड वरच्या मजल्यावर थांबायचं, नवं कार्ड आपल्या खाचांमुळे आणखी खाली उतरून खालच्या मजल्यालाही टेकायचं. जुन्याला न हाकलता नव्याला आत घेणं हे यंत्राच्या रचनेत इतक्या नेटकेपणानं फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतं. महाग पडल्यानं तो सर्व्हरपुरताच राहिला. मायक्रो चॅनेलही मागे पडला.

मग आला पीसीआय. इंटेलनं १९९२ मध्ये आणलेला हा आखूड पांढरा स्लॉट काही वर्षांतच सगळीकडे दिसायला लागला. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सेकंदाला १३३ एमबी. पण माझ्या दृष्टीनं त्याचं मोठेपण वेगात नव्हतं. प्रत्येक पीसीआय कार्डाच्या पोटात २५६ बाइटची एक छोटीशी वही असते. तिच्या पहिल्या ओळीत बनवणाऱ्याचा क्रमांक, त्याच्यापुढे कार्डाचा स्वतःचा क्रमांक. इंटेलनं स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला, आपल्या १९७८ च्या प्रोसेसरचा. कॉम्प्युटर सुरू झाला की वर्गात हजेरी घ्यावी तसा तो एकेका जागेला विचारत जातो: इथे कोण आहे? असेल तो आपला क्रमांक सांगतो. मग विचारायचं, तुला पत्त्याची जागा किती लागेल? तो सांगतो. सगळ्यांचं विचारून झालं की मग प्रत्येकाला त्याची जागा वाटून दिली जाते, कुणाचीही कुणाशी टक्कर न होता. माझ्या त्या पेन्सिलीच्या कागदाचं सगळं काम आता डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊ लागलं.

आणि रिकाम्या जागेला विचारलं तर? तिथे उत्तर द्यायला कुणीच नसतं. अशा वेळी वाचणाऱ्याच्या हाती सगळे बिट एक असलेली संख्या पडते: नऊनंतर ए ते एफ मोजणाऱ्या कॉम्प्युटरी पद्धतीत एफएफएफएफ. म्हणून हा क्रमांक कधीच कुठल्या कंपनीला दिला जात नाही. तो रिकाम्या जागेसाठी राखीव ठेवल्यासारखा आहे. भाचीनं विचारलेला प्रश्न तिच्या कॉम्प्युटरनंही त्या दिवशी सुरू होताना विचारला होता आणि त्याला हेच उत्तर मिळालं होतं. त्यात चूक झाली, बिघाड झाला असं काही नाही. इथे अजून कुणी नाही, एवढं कळलं की यंत्र पुढच्या जागेकडे वळतं, आणि उद्या पुन्हा सुरू केलं की पुन्हा तिथे येऊन विचारतं. वर्षानुवर्षं विचारत राहतं. मला हे फार सुंदर वाटतं.

पीसीआयमध्येही तारा सामाईकच होत्या, आणि १३३ एमबी सगळ्यांना मिळून होते. ग्राफिक्स कार्डांची भूक वाढली तसा १९९७ च्या सुमारास त्यांच्यासाठी एजीपी हा वेगळा तपकिरी स्लॉट आला, इतरांपेक्षा थोडा आत सरकवलेला. त्याच्या आगेमागेच थ्रीडीएफएक्सचं वूडू आलं होतं. ते पीसीआय कार्ड फक्त त्रिमितीचं चित्र काढायचं, साध्या चित्रासाठी आधीचं कार्ड ठेवावंच लागायचं, आणि मागून एका आखूड केबलनं दोन्ही जोडायची. खेळ सुरू झाला की आतला रिले, म्हणजे विजेनं हलणारा स्विच, "टिक" वाजायचा आणि स्क्रीन एका कार्डाकडून दुसऱ्याकडे जायची. तो "टिक" ऐकला की पुढे काय दिसणार या अपेक्षेनं पाठ ताठ व्हायची.

पण समांतर तारांची ही पद्धतच आता दमली होती. ३२ तारांवर ३२ बिट एकदम सोडायचे आणि ते एकदमच पोचले पाहिजेत. वेग वाढवत नेला की कुठली तार केसभर लांब, कुठली आखूड, याचाही फरक पडायला लागतो; एक बिट आधी येतो, एक मागे राहतो. यावर २००३ च्या सुमारास पीसीआय एक्सप्रेसनं जो मार्ग काढला तो आधी उलटा वाटतो: तारा वाढवायच्या नाहीत, कमी करायच्या. जायला दोन तारा, यायला दोन तारा, अशी एक लेन. बिट एकामागून एक जातात, पण इतक्या वेगानं की पहिल्याच पिढीत एका लेनमधून एका दिशेनं सेकंदाला २५० एमबी जायला लागले. आज पाचव्या पिढीत तोच आकडा ४ जीबीच्या आसपास आहे. आणि लेन सामाईक नाही. प्रत्येक स्लॉटचा आपला स्वतंत्र रस्ता. जास्त हवं असेल तर ४, ८, १६ लेन एकत्र घ्यायच्या. कार्ड बसवून सुरू केलं की दोन्ही टोकं आधी एकमेकांशी बोलून ठरवतात: किती लेन जुळल्या, कुठला वेग दोघांनाही झेपतो. बोलणी नेहमी सगळ्यात जुन्या, सगळ्यात हळू वेगानं सुरू होतात आणि मग दोघं मिळून वर चढतात. म्हणून वीस वर्षांपूर्वीचं कार्ड आजच्या स्लॉटमध्ये बोलू शकतं.

स्लॉटमधली ती आडवी भिंत पाहा, जिच्यावर कार्डाची खाच बसते. तिच्या अलीकडचा लहान भाग, म्हणजे पहिल्या अकरा जोड्या, सगळ्या स्लॉटमध्ये अगदी सारखा असतो. वीज, किरकोळ इशारे, "रीसेट" वगैरे. पलीकडच्या भागात लेन, आणि तोच लेनच्या संख्येप्रमाणे लांबत जातो. एक लेनच्या स्लॉटला एकूण ३६ संपर्क, सोळा लेनच्याला १६४. सुरुवात सारखी असल्यामुळे भाचीचं ते बोटभर वायफाय कार्ड लांबलचक स्लॉटमध्येही बसलं असतं, एका लेनवर काम करत राहिलं असतं आणि उरलेल्या पंधरा नुसत्या पडून राहिल्या असत्या. कार्ड जुळतंय ना याची काळजी घेऊन लोक दुकानातून परततात तेव्हा मला हे त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं: लहान कार्ड मोठ्या जागेत चालतं.

उलट बाजूचं मात्र नीट पाहून घ्यावं लागतं. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरकडून थेट मिळणाऱ्या लेन विशीच्या आसपास असतात. त्यांतल्या सोळा ग्राफिक्स कार्डासाठी, चार एखाद्या एम.२ एसएसडीसाठी, म्हणजे बोर्डावर आडव्या बसणाऱ्या छोट्या डिस्कसाठी. बाकीचे स्लॉट चिपसेट या बोर्डावरच्या मदतनीस चिपच्या मागे असतात आणि चिपसेटला प्रोसेसरशी जोडणारा रस्ता सगळ्यांना मिळून एकच. त्यामुळे बोर्डावर तीन लांब स्लॉट दिसले तरी दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात बऱ्याचदा चारच लेन जोडलेल्या असतात. टॉर्च मारून आत पाहिलं तर पुढच्या जागी पिनाच नसतात. कधी दुसरा स्लॉट भरला की पहिल्याच्या सोळाच्या आठ होतात. कधी एका एम.२ जागेत डिस्क बसवली की साटाचे, म्हणजे केबलनं डिस्क जोडायचे, दोन पोर्ट झोपतात. हे सगळं मॅन्युअलात लिहिलेलं असतं, पण तळटिपेच्या अक्षरांत. लांबी दाखवायची आणि लेन द्यायच्या नाहीत, याचा मला राग येतो. १९८१ साली पिन न् पिन छापणाऱ्यांच्या वारसांकडून एवढी अपेक्षा रास्त आहे की स्लॉटच्या शेजारी त्याच्या खऱ्या लेन ठळक छापाव्यात. काही जण छापतात. त्यांचे बोर्ड हाताळताना बरं वाटतं.

दुसरी खंत ग्राफिक्स कार्डांची. पहिल्या आयबीएम पीसीचा अख्खा वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता. आज एकटा सोळा लेनचा स्लॉट कार्डाला ७५ वॅट देऊ शकतो, आणि तेही पुरत नाहीत म्हणून वरून वेगळ्या केबल जोडतात. एवढी वीज म्हणजे तेवढी उष्णता, तेवढे पंखे, तेवढी जाडी. कार्ड एका स्लॉटमध्ये बसतं आणि शेजारच्या दोन-तीन स्लॉटवर आडवं पसरतं. वजनानं त्याचं मोकळं टोक खाली झुकतं, म्हणून त्याला टेकू लावायला लागतो. त्याच्या पोटात चालणारं गणित थक्क करणारं आहे, ते मी रोज वापरतो. पण त्याच्याखाली दबलेले स्लॉट पाहिले की वाईट वाटतं. तिथे विचारणा होतच राहते आणि उत्तर द्यायला कुणी येऊच शकत नाही.

बाकीची कार्डं कुठे गेली? घड्याळ आधी गेलं, मग सीरियल आणि प्रिंटर पोर्ट, मग आवाज, मग नेटवर्क. एकेक करून सगळी मदरबोर्डनं स्वतःत घेतली, आणि पुढे पुष्कळशी प्रोसेसरनं. यात नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. कमी वीज, कमी खर्च, कमी बिघाड. आईच्या टेबलावर जो तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे त्यात एकही स्लॉट नाही आणि तिचं काहीही अडत नाही. तिला आवाज, चित्र, इंटरनेट पहिल्या दिवसापासून मिळालं, कुठलाही कागद न खोडता. दोन पुरेत म्हणणाऱ्याची बाजू मला तिच्या टेबलापाशी पूर्ण पटते. शिवाय एम.२ म्हणजेही आडव्या ठेवलेल्या चार लेनच. थंडरबोल्ट या बाहेरून जोडायच्या केबलमधूनही पीसीआय एक्सप्रेसच वाहतो. स्लॉट नाहीसा झाला असं म्हणण्यापेक्षा तो रूप बदलून बसलाय.

पण जे आत घेतलं गेलं ते आधी कुणीतरी बाहेरून आणून दाखवलं होतं, हे विसरता येत नाही. आवाजाचं कार्ड लोकांनी वेगळं विकत घेऊन वापरलं, म्हणून आवाज बोर्डावर आला. त्रिमितीचं चित्र वूडूनं वेगळ्या पाटीवर काढून दाखवलं, म्हणून ते पुढे प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात गेलं. आज प्रयोगशाळांत मोजमापाची कार्डं, स्टुडिओत ध्वनिमुद्रणाची, सर्व्हरमध्ये वेगवान नेटवर्कची, हे सगळं अजून स्लॉटमध्येच चाललंय. जुन्या यंत्रमागाच्या एखाद्या नियंत्रकात काळं लांब आयएसए कार्डही सापडतं, अजून काम करत असलेलं. त्यातलं उद्या काय सगळ्यांच्या बोर्डावर येईल हे सांगणं अवघड आहे. सांगता येत नाही म्हणूनच तर जागा लागते.

हल्ली काही बोर्डांवर एक गोष्ट दिसते आणि ती पाहून मला आनंद होतो. चार लेनचा किंवा एका लेनचा आखूड स्लॉट, पण त्याचं मागचं टोक बंद न करता उघडं ठेवलेलं. म्हणजे सोळा लेनचं लांब कार्डही त्यात बसतं; वाटेत एखादा उंच भाग आडवा आला नाही म्हणजे झालं. कार्डाचा पुढचा भाग संपर्कात, उरलेला हवेत. सुरू केलं की दोन्ही टोकं नेहमीप्रमाणे बोलणी करतात, चार लेन जुळल्यात हे त्यांना कळतं आणि चारांवर काम सुरू होतं. कामाचा वेग कमी मिळतो, पण काम होतं. प्लास्टिकची एक बारीक भिंत घालायची नाही, एवढंच त्यासाठी करावं लागतं. कुणी बोर्ड कुठला घेऊ म्हणून विचारलं की मी फोटो मोठा करून आधी ते टोक पाहतो, आणि मग मॅन्युअलातली आकृती उघडून त्या चार लेन प्रोसेसरकडून येतात की चिपसेटकडून, ते तपासतो.